तपशिलाचा रकाना

नोकरदार माणसाला एक सोय असते. एखादं काम मनाला पटत नसलं तरी तो ते उरकतो आणि घरी येऊन बायकोला सांगतो, 'साहेबांचा आग्रह होता, मी काय करणार?' साहेबाच्या डोक्यावर दुसरा साहेब असतो, त्याच्या डोक्यावर संचालक मंडळ नाहीतर मंत्रालय. दोष असा वरवर सरकत जातो आणि शेवटी कुणाच्याच नावावर चढत नाही. सुट्या कामांवर पोट असलेल्याला ही सोय नाही. काम घ्यायचं की नाही हे ठरवणारा मी, दर सांगणारा मी, रात्री दोनला फाईल पाठवणारा मी. त्यातून काही विपरीत घडलं, तर ज्याच्याकडे बोट दाखवायचं तोही मीच.

छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या एका खोलीत बसून मी भाषेची कामं करतो. अनुवाद, मुद्रितशोधन, कुणाची संहिता तपासून देणं, एखाद्या संस्थेचा अहवाल मराठीत आणणं. शेजारच्या काकूंना अजूनही वाटतं की मला नोकरी लागायची आहे. बँकेलाही तसंच वाटतं. सॅलरी स्लिप नाही म्हटल्यावर तिथल्या साहेबांचा चेहरा असा होतो की जणू मी कर्ज नाही, त्यांची मुलगी मागितली. पण खरं सांगायचं तर या धंद्याला हे शहर वाईट नाही. १९५८ सालापासून विद्यापीठ आहे, मराठवाडा साहित्य परिषद आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे कारखाने आहेत, त्यांना यंत्रांवर चिकटवायच्या सूचना मराठीत लागतात. आणि मुख्य म्हणजे उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. मराठवाड्याचे आठ आणि शेजारचे चार, अशा बारा जिल्ह्यांची प्रकरणं इथे येतात. खालच्या कोर्टातले कागद मराठीत आणि इथलं कामकाज इंग्रजीत, त्यामुळे फिर्याद, पंचनामा, जबाब, सातबारा, फेरफार, सगळं कुणीतरी इंग्रजीत करून द्यावं लागतं. त्या 'कुणीतरी'मध्ये माझ्यासारखे बरेच आहेत. ज्युनिअर वकिलाचा फोन रात्री येतो आणि काम सकाळच्या आत हवं असतं.

अशाच एका रात्री एकाने विचारलं होतं, "सर, पंचनाम्यातली ती शेवटची ओळ भाषांतरात राहून गेली तर चालेल का?" मी नाही म्हटलं, आणि अगदी सहज म्हटलं. त्यात माझं मोठेपण काही नव्हतं. मूळ मराठी प्रत सरकारी वकिलाकडे असते आणि वगळलेली ओळ तो पहिल्याच सुनावणीत बाहेर काढू शकतो. जिथे पकडले जाण्याची खात्री असते, तिथे प्रामाणिक राहायला फारसं काही लागत नाही. प्रश्न पडतो तो जिथे कुणी बघत नाही, कुणी मूळ प्रत मागत नाही आणि पैसे मात्र टेबलावर ठेवलेले असतात, अशा कामांचा.

माझ्या बिलाच्या नमुन्यात चार रकाने आहेत: तारीख, तपशील, शब्दसंख्या, रक्कम. बाकीचे तीन भरायला अक्कल लागत नाही. तपशिलाचा रकाना मात्र कधीकधी अडवतो. 'कीटकनाशक माहितीपत्रक, इंग्रजीतून मराठी' असं लिहिताना पेन अडत नाही. 'कथासंग्रह, मुद्रितशोधन' लिहितानाही नाही. पण काही कामं अशी येतात की तिथे काय लिहायचं हेच सुचत नाही. अशा कामाचं गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, "सर, बिल-बिल राहू द्या हो, फोनपे करतो. आत्ताच करू का?" हे 'आत्ताच' फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येतो.

या वर्गातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे शोधप्रबंध. विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्याला हे सांगायला नको. सुरुवात अगदी सभ्य असते. "भाषा जरा तपासून द्या." मी होकार देतो, फाईल येते, उघडतो तर आत पाच प्रकरणांची फक्त नावं, खाली दहा-बारा संदर्भग्रंथ आणि दोन प्रकरणांत कुठून कुठून आणून चिकटवलेले परिच्छेद. तपासायला भाषाच नाही. फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर, "तेच तर. ते तुम्ही बघून घ्या. पैशाचं तुम्ही बोला."

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली आणली. प्रबंध सॉफ्टवेअरमधून जातो. सारखेपणा दहा टक्क्यांपर्यंत असला तर चालतं, त्यावर गेला तर सुधारून द्यावं लागतं, आणखी वाढला तर वर्षभर थांबावं लागतं, आणि साठ टक्क्यांपुढे गेला तर नोंदणीच रद्द. नियम चांगला आहे, तो हवाच होता. पण त्याची एक गंमत कुणी बोलत नाही. हे सॉफ्टवेअर चोरी पकडतं, मजुरी पकडत नाही. दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललं तर ते सापडतं. दुसऱ्याकडून नव्याने लिहून घेतलं तर अहवाल स्वच्छ येतो, कारण लिहिलेलं खरोखरच नवं असतं. ते पुढे 'शोधगंगा'वर चढतं आणि जगाला खुलं होतं. नियम कडक झाला तशी फुकटची नक्कल अवघड झाली आणि लिहून देणाऱ्या हाताची किंमत वाढली.

आणि हे हात कुणाचे? मला ठाऊक असलेले हात तरी घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे आहेत. सगळा महाराष्ट्र त्यांना 'सीएचबी' म्हणतो. सेट झालेला, स्वतःची पीएचडी प्रामाणिकपणे केलेला, वर्गात जीव तोडून शिकवणारा माणूस. तासाप्रमाणे मानधन, सुट्टीचे पैसे नाहीत, आणि जे ठरलेलं आहे तेही महिन्याच्या महिन्याला हातात पडेल याची खात्री नाही. त्याच्याकडून प्रबंध लिहून घेणारा बहुधा कायम नोकरीतला असतो, त्याला बढतीसाठी पदवी हवी असते. म्हणजे ज्याला विषय येतो त्याला जागा नाही, आणि ज्याला जागा आहे त्याला विषय दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो. अशा एका मित्राला मी एकदा औरंगपुऱ्यात चहा पिताना विचारलं, "तुला काहीच वाटत नाही?" तो म्हणाला, "वाटतं ना. दर सहा महिन्यांनी मानधन आलं की वाटतं. मध्ये वाटायला वेळ नसतो." मी पुढे काही बोललो नाही. मला सांगण्यासारखं काही नव्हतं.

माझी स्वतःची रेषा मी अशी ओढली आहे: जे वाक्य आहे ते मी दुरुस्त करतो, जे नाही ते मी आणत नाही. तुमचा मुद्दा अडखळत असेल तर त्याला सरळ चालवीन, पण मुद्दाच नसेल तर तो मी पुरवणार नाही. ही रेषा पक्की आहे असं मी म्हणत नाही. दुरुस्त करता करता वाक्य कधी माझं होऊन जातं हे मलाही कळत नाही, आणि गरजेच्या महिन्यात ती रेषा चार बोटं सरकते हेही मी पाहिलेलं आहे. पण रेषा असली की निदान ती सरकली हे तरी समजतं.

प्रबंधात निदान कुणाचा जीव जात नाही. मोंढा नाक्याच्या बाजूला शेतीच्या औषधांचा व्यवहार करणाऱ्या एकाने मला पत्रक लिहायला बोलावलं होतं. काउंटरवर नमुन्याची हिरवी बाटली, मागे बियाणे कंपनीचं कॅलेंडर, बिलांच्या गठ्ठ्यावर दाबून ठेवलेलं वजनाचं माप. माल होता 'टॉनिक', म्हणजे कापसावर फवारायचं वाढीचं औषध. फोटो तयार होता, बोंड बाटलीपेक्षा मोठं दिसत होतं. त्याला फक्त ओळी हव्या होत्या. त्यातली एक त्यानेच सुचवली: कोणत्याही कीटकनाशकात बिनधास्त मिसळा. मी विचारलं, कंपनीच्या इंग्रजी पत्रकात असं कुठे आहे? तो हसला. "सर, शेतकरी कंपनीचं पत्रक वाचतो का? तो मला विचारतो."

तो खरं बोलत होता आणि तीच भीती होती. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा जी कारणं पुढे आली, त्यात हातमोजे-मास्क नसणं होतं आणि वेगवेगळी औषधं एकाच पंपात मिसळणंही होतं. मी म्हटलं, मिसळायची ओळ काढू आणि त्या जागी हातमोजे, मास्क आणि वाऱ्याच्या दिशेची ओळ टाकू. तो म्हणाला, "मग टॉनिक कोण घेईल? लोक घाबरतील." गल्ला उघडाच होता. मी नमस्कार करून निघालो.

यात शौर्य दिसत असेल तर ते काढून टाकतो. त्याच आठवड्यात एका प्रकाशकाकडे कित्येक महिने अडकलेली रक्कम माझ्या खात्यात आली होती. किराणा भरलेला होता, टँकरवाल्याचे पैसे देऊन झाले होते (आमच्या भागात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे टँकर हा घरखर्चातला कायमचा सदस्य आहे). ती रक्कम आली नसती तर मी काय केलं असतं? कदाचित हेच. कदाचित 'बिनधास्त' काढून 'सहज' लिहिलं असतं आणि मनाची समजूत घातली असती. मला नक्की सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही हाच या सगळ्या लिखाणाचा मुद्दा आहे.

माझ्या ओळखीत मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. पुराभिलेख खात्याच्या वर्गात मोडी शिकले आणि पुढे हौसेने वाचत राहिले. वर्षाकाठी दोन-चार माणसं यायची, कुणाचं वाटणीपत्र, कुणाचा वतनाचा कागद. कोर्टाच्या कामात मध्येच एखादं मोडी पान आलं की मीही त्यांच्याकडे जायचो. त्यांच्या घरचे या छंदाला 'कसरीची शेती' म्हणत.

मग २०२३ चा सप्टेंबर आला. जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण, एक तारखेचा लाठीमार, आणि पाठोपाठ न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनं दप्तर उर्दूत आणि मोडीत. ज्या लिपीला कुणी विचारत नव्हतं, ती वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. सरकारी पातळीवर झाली आणि घरोघरीही झाली. सरांच्या जिन्यावर माणसं बसू लागली. आरक्षणाच्या वादात मला इथे पडायचं नाही. मला त्या जिन्यावर बसलेल्या एका माणसाबद्दल सांगायचं आहे, कारण तेव्हा मी माझ्या कामासाठी तिथेच बसलो होतो.

पैठणकडचा माणूस होता, पन्नाशीचा. प्लास्टिकच्या पिशवीत चार पदरी घडी घातलेली झेरॉक्स. सरांनी ती टेबलावर पसरली, कडा पुस्तकांनी दाबल्या, एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. मोडी वाचणं म्हणजे काय हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि तिच्याखाली न थांबता लिहीत जातो. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नाही. एक अक्षर लागलं नाही तर त्याच हाताने तेच अक्षर त्याच पानावर दुसरीकडे कसं काढलंय हे शोधायचं आणि दोन्ही शेजारी ठेवायची. सरांनी आधी साल लावलं: १३४० फसली. त्यात ५९० मिळवले, इसवी १९३०-३१. मग नाव लागलं, बापाचं नाव लागलं. त्या माणसाने आजोबांचं नाव ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

त्यापुढे कसरीने खाल्लेलं भोक होतं. भोकाच्या अलीकडे एका अक्षराचा अर्धा भाग दिसत होता.

सरांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "तुम्हाला हवं ते अक्षर असू शकतं. पण 'असू शकतं' असं मला लिहून देता येत नाही."

तो माणूस चिडला नाही. त्याने जे म्हटलं ते मला अजून सोडवता आलेलं नाही. "सर, अख्खं गाव आम्हाला कुणबीच म्हणतं. माझ्या चुलतभावाचा दाखला निघाला. तुम्हाला खोटं थोडंच लिहायचंय? जे खरं आहे तेच लिहायचंय, फक्त कागद फाटलाय. पोरीच्या मेडिकलच्या ॲडमिशनचं आहे हो." आणि त्याने घडी केलेल्या नोटा भिंगाखाली सरकवल्या.

सर म्हणाले, "खरं असेल. पण ते या कागदावर नाही. मी फक्त कागद वाचतो."

त्यांनी सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, फसली साल आणि इसवी साल लिहिलं आणि जातीच्या ठिकाणी लिहिलं: कागद जीर्ण, अक्षरे अवाच्य. नोटा परत केल्या. मग अर्धा तास त्या माणसाला बसवून सांगितलं की आजोबांच्या भावंडांच्या नोंदी बघा, गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत बघा, आजोबा किंवा त्यांचा भाऊ शाळेत गेला असेल तर प्रवेश-निर्गमाच्या वहीत बघा. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कुठलाही अस्सल कागद उपयोगी पडेल. मी उगाच लिहून दिलं तर दाखला एकवेळ निघेल, पण पडताळणी समितीत मूळ कागद मागतील. २००१ च्या कायद्याने खोट्या आधाराचा दाखला रद्द होतो आणि त्याच्या जोरावर मिळालेला प्रवेशही जातो. "तेव्हा मी नसेन," सर म्हणाले, "पोरगी असेल."

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. त्या वाचनाचेही पैसे सरांनी घेतले नाहीत. तासभर डोळे फोडले, साल लावलं, दोन नावं लावली, अर्धा तास सल्ला दिला, हे काम नव्हतं का? हवं ते उत्तर मिळालं तर पैसे आणि खरं उत्तर मिळालं तर फुकट, असा दर एकदा पडला की खरं उत्तर देणारा उपाशी मरणार हे ठरलेलंच. माणूस गेल्यावर मी त्यांना तसं म्हटलं. ते हसले. "माझी पेन्शन एक तारखेला खात्यात येते रे. म्हणून माझा कणा ताठ आहे. माझ्याकडेच शिकलेला एक पोरगा आता पानावर पैसे घेऊन वाचतो, घरभाडं त्यावरच. त्याच्यापुढे अशा नोटा आल्या की मला त्याची काळजी वाटते. तो वाईट आहे म्हणून नाही."

पैठणचं नाव निघालंच आहे तर नाथांची गोष्ट आठवते, ती आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. एकनाथ देवगडावर जनार्दनस्वामींकडे हिशेब बघत. एका पैचा मेळ बसेना म्हणून रात्रभर दिवा लावून बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या पिटल्या. गुरूंनी म्हटलं, एवढं चित्त देवाच्या ठिकाणी लागलं तर. कीर्तनकार इथून अध्यात्माकडे वळतात. मी मात्र त्या पैजवळच थांबतो. कुणी विचारलं नसतं, कुणाला कळलं नसतं, तरी चूक सापडल्याशिवाय झोप नाही, हे मला आमच्या धंद्याचं सगळ्यात नेमकं वर्णन वाटतं. पण हेही दिसतं की जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि नाथ त्यांच्या आश्रयाला होते. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची चिंता त्या वहीत नव्हती. असं म्हटल्याने नाथ लहान होत नाहीत.

त्यापेक्षा जोतीराव फुल्यांकडे बघावं, कारण त्यांना कुणाचा आश्रय नव्हता. ते ठेकेदार होते. बांधकामांना माल पुरवायचे, खडकवासल्याच्या धरणाच्या कामात त्यांचा ठेका होता. आणि ज्या बांधकाम खात्याकडून बिलं मंजूर करून घ्यायची, त्याच खात्यातल्या लबाड्यांवर ते उघड लिहीत होते. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण ते आपल्यासारखेच बिल घेऊन सरकारी दारात उभे राहणारे धंदेवाले होते हे विसरतो. समाजाच्या कामाला लागणारा पैसा त्यांनी धंद्यातून उभा केला आणि धंदा टिकवूनही जीभ गहाण टाकली नाही. हे दोन्ही एकत्र कसं साधलं, यावर कुणी नीट लिहिलं तर मी ते पुस्तक विनामोबदला तपासून देईन. (नाही, देणार नाही. सरांना आत्ताच उपदेश केलाय.)

आता त्या 'आत्ताच'कडे. इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. वाकडं काम आगाऊ पैसे देतं आणि सरळ काम उधारीवर चालतं. प्रबंध लिहून घेणारा निम्मे पैसे आधी देतो. टॉनिकवाल्याचा गल्ला उघडा असतो. जातीचं अक्षर हवं असलेला माणूस नोटा घेऊनच जिना चढतो. आणि ज्यांच्याकडे काम करताना मान ताठ राहते, ती संस्था म्हणते 'अजून निधी आलेला नाही', प्रकाशक म्हणतात 'पहिली आवृत्ती हलू द्या', वकीलसाहेब म्हणतात 'पक्षकाराने दिले की देतो'. दिवाळी अंकांच्या मानधनाबद्दल मी लिहीत नाही, हा लेख कुठेतरी छापून यायचा आहे.

आपण नीतीची चर्चा करतो ती नेहमी मोहाच्या क्षणाची. नोटा पुढे आल्या तेव्हा तो काय म्हणाला? पण त्या क्षणाला तो माणूस काय म्हणणार, हे बरंचसं चार महिने आधी ठरलेलं असतं. त्याने चोख केलेल्या कामाचं बिल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं तेव्हाच. बिल अडकवणारा माणूस सज्जन असतो. तो साहित्यावर प्रेम करतो, सभेत प्रामाणिकपणावर बोलतो. आपल्या उशिराने कुणाला कुठल्या दारात उभं केलं हे त्याला कधी कळत नाही, आणि कळलं तर तो त्या माणसालाच नावं ठेवेल.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा म्हणतो की नोंदणी केलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. आता 'उद्यम' पोर्टलवर अनुवादकालाही घरी बसून, फुकट नोंदणी करता येते. मी केली आहे. पण तिप्पट व्याजाची नोटीस कोण कुणाला पाठवणार? शहर मोठं झालं तरी भाषेचं जग लहान आहे. एकाला नोटीस गेली की दहा जणांचे फोन बंद. आमच्यातले बहुतेक जण दहा टक्के टीडीएस कापलेली पावती बघून समाधान मानतात, निदान सरकारदरबारी तरी आपले पैसे कुणीतरी द्यायचे आहेत याची नोंद झाली म्हणून.

आणि आता यंत्र आलं आहे. पत्रकं, सूचना, साधे अहवाल यंत्र करतं आणि माणसाला 'नुसतं तपासून द्या' म्हणून पाव दराने देतात. त्याची तक्रार करत नाही, तो वेगळा विषय आहे. एवढंच दिसतं की सरळ कामाचा पैसा आधी उशिरा यायचा, आता तो कमीही झाला. वाकड्या कामाचा दर मात्र खाली आल्याचं ऐकिवात नाही. खोट्या कागदावर शेवटी माणसाचीच सही लागते.

माझा तो सीएचबी मित्र अजून शिकवतो आणि अजून प्रबंध लिहितो. मागच्या महिन्यात त्याने एक काम नाकारलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, मानधन आलं होतं.

म्हणून वाचकांकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या टेबलावर, मेलमध्ये, संस्थेच्या फायलीत एखाद्या अनुवादकाचं, मुद्रितशोधकाचं, टंकलेखन करणाऱ्याचं, चित्रकाराचं, शिकवणी घेणाऱ्या मुलीचं बिल पडलेलं असेल, आणि काम तुम्हाला मिळून वापरूनही झालं असेल, तर ते या आठवड्यात चुकतं करा. पुढच्या बैठकीपर्यंत थांबू नका. फोन करायला त्याला लाज वाटते, तुम्हीच करा.